फंताये ‘छान’ म्हणाली तो दिवस

मित्रांनो, एका कानाची, लांब मानेची आणि मोठ्या पोटाची मी कॉफीची मातीची सुरई आहे. आमच्या इथिओपियात मला जेबेना म्हणतात. वयाने मी बरीच जुनी आहे आणि आतून काळीकुट्ट आहे. त्या काळेपणाची मला लाज वाटत नाही. आयुष्यात मी कमावले ते तेवढेच.

बोंगा गावाबाहेरच्या एका कुंभारणीने मला घडवले. मला उन्हात ठेवताना ती शेजारणीला म्हणाली, “मान ताठ, पोट मोठं आणि तोंड सदा उघडं. अगदी माझ्या सासूवर गेलीय.” मी भट्टीतून निघाले तेव्हा सासूबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी मला उचलून चहूबाजूंनी पाहिले आणि म्हणाल्या, “घाट मात्र सुरेख आहे हं.”

शनिवारच्या बाजारात वुबालेम नावाच्या बाईने मला घेतले. घरी नेऊन लगेच कॉफी केली असेल असे तुम्हाला वाटेल. छे! तीन दिवस ती माझ्यात कॉफीचा जुना चोथा घालून पाणी उकळत राहिली आणि ते फेकून देत राहिली. नव्या मातीचा कच्चा वास असा जिरवावा लागतो. चौथ्या दिवशी तिने परसातल्या झाडांचे दाणे धुऊन तव्यावर भाजले. दाण्यांवर तेलाची चमक आली की ती तवा उतरवायची. त्यापुढे एक क्षणही नाही. मग खलबत्त्यात कुटायची. माझ्यात पाणी उकळले की पूड टाकायची. फेस मानेपर्यंत चढला की मला शेगडीवरून उचलून चुंबळीवर तिरके बसवायची आणि गाळ खाली बसेपर्यंत मला हात लावायची नाही. शेवटी उंचावरून बारीक धार, न तुटता, एका कपातून दुसऱ्या कपात. गाळ अडवायला माझ्या चोचीत घोड्याच्या केसांचा बोळा असायचा, तो दर वेळी काढून धुतला जायचा. मला आतून फक्त गरम पाणी मिळायचे. मग तोंड खाली करून वाळायला ठेवायची. बावीस वर्षे हे असे चालले.

आणि बावीस वर्षे ती कॉफी प्यायला शेजारची फंताये येत होती. एक दिवस वुबालेमकडे, एक दिवस फंतायेकडे, असा त्यांचा वार लागलेला. आमच्याकडे कॉफी एकट्याने पीत नाहीत आणि एक कप पिऊन उठत नाहीत. तीनदा ओततात. तिसऱ्या कपाला बरका म्हणतात, म्हणजे आशीर्वाद. तो घेतल्याशिवाय उठणे म्हणजे यजमानणीचा आशीर्वाद नाकारणे.

फंतायेने तिसरा कप कधी चुकवला नाही, आणि एकाही कपाला कधी बरे म्हटले नाही.

“वुबालेम, कोळशाचा काढा प्यायला बोलावलंस का गं मला?”

“मग पिऊ नकोस.”

“टाकू कशी? तुला वाईट वाटेल. ओत अजून.”

तिच्या पुढच्या वाराला, “आज काय, पाण्याला कॉफी लांबूनच दाखवलीस वाटतं?”

“लाह्या खा आणि तोंड बंद ठेव.”

“लाह्या पण वातड झाल्यात.”

मित्रांनो, तेव्हा मला फंतायेचा राग यायचा. निदान एकदा तरी हिने चांगले म्हणावे, असे मला मनापासून वाटे. ही इच्छा मी केली नसती तर बरे झाले असते.

त्या वर्षी जानेवारीत, टिमकतच्या सणाला, वुबालेमची मुलगी मेकलित राजधानीहून आली. ती तिथे एका हॉटेलात कामाला होती. मुलगी गुणाची, हाताला विसावा नाही. वुबालेम सर्दीने आडवी झाली होती. मेकलितने माझ्या तोंडात बॅटरीचा उजेड पाडला आणि किंचाळलीच.

“आई! ह्यातून पिता तुम्ही? आत काजळी आहे नुसती!”

आईने पांघरुणातून कसलासा हुंकार दिला. मेकलितने तो होकार समजला. तिने मला साबणाच्या फेसात दिवसभर बुडवून ठेवले आणि तारेच्या ब्रशाने घासले. मी स्वच्छ झाले. पण मातीला जे पाजाल ते ती पिते, आणि मी साबण पोटभर प्यायले.

दुसऱ्या दिवशी फंताये आली. मेकलितने मला मिरवत समोर ठेवले. वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे एमामा म्हणतात. “एमामा फंताये, बघा, मी स्वतः घासलीय. बावीस वर्षांची घाण होती!”

वुबालेमने कॉफी ओतली. सर्दीने तिचे नाक बंद होते, शिवाय तिच्या कपात उग्र वासाच्या सतापाची डहाळी बुडवलेली होती. मेकलितला पित्ताचा त्रास, ती बाटलीतले पाणी पीत होती. म्हणजे त्या घरात चव कळणारी जीभ एकच होती, फंतायेची.

तिने घोट घेतला. माझ्याकडे पाहिले. मग मेकलितच्या आशेने फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिले.

“छान झालीय,” फंताये म्हणाली.

दुसरा कप तिने डोळे मिटून संपवला. तिसऱ्यासाठी वुबालेमने मला उचलले, तर ती उठून उभी! “जाते गं. अंगणात जव वाळत घातलेत, बकऱ्या येतील.” आणि गेली.

वुबालेमने मला तसेच परत चुंबळीवर टेकवले. मग म्हणाली, “छान म्हणाली. परक्या बाईसारखी. आणि बरका न घेता गेली.”

“अगं आई, चांगलंच म्हणाल्या ना त्या?” मेकलितला काही कळेना.

“म्हणूनच तर,” वुबालेम म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फंतायेचा वार होता. वुबालेम गेली नाही. तिसऱ्या दिवशी वुबालेमचा वार होता. तिने हाक मारली नाही. एकटीसाठी कोण शेगडी पेटवणार? मी फळीवर गेले. मेकलित राजधानीला परतली.

मग कुंपणाच्या दोन बाजूंनी जनावरांशी संभाषणे सुरू झाली. फंताये कोंबडीला सांगायची, “मी त्या घरात काय प्यायले ते माझं मला ठाऊक! आणि रुसायचं म्हणे त्यांनी!” वुबालेम बकरीला सांगायची, “काही लोकांना आमचा आशीर्वाद कडू लागतो. तू पाला खा, बाई.” मला फळीवरून दोन्हीकडचे ऐकू यायचे. मला चोच आहे, पण ती ओतण्यापुरतीच. बोलता आले असते तर एकच शब्द पुरला असता.

तीन महिने असे गेले. ईस्टरनंतरच्या आठवड्यात एका सकाळी फंतायेच्या छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत ती गेली.

मयताच्या घरी आळीतल्या बायका आपापल्या जेबेना घेऊन जातात आणि येणाऱ्यांना कॉफी देतात. वुबालेमने मला फळीवरून उतरवले, गरम पाण्याने खंगाळले आणि फडक्यात गुंडाळून नेले. अंगणात मांडव होता. तिने दाणे भाजले, कुटले, कॉफी उकळली. पहिला कप फंतायेच्या थोरल्या बहिणीला दिला, तिचे नाव झेर्फे. झेर्फेने घोट घेतला.

“छान झालीय,” ती म्हणाली आणि कप हळूच बाकाखाली ठेवला.

तिच्या शेजारी बसलेलीही म्हणाली, “छान आहे.” तिचाही कप खाली गेला.

वुबालेमने स्वतःसाठी ओतले. आता सर्दी नव्हती. घोट तोंडात गेला आणि ती तशीच थांबली.

“साबण,” ती म्हणाली.

“काय गं?” झेर्फेने विचारले.

“साबण आहे ह्यात. मेकलितनं धुतली होती. फंताये हे दोन कप प्यायली, पोरीला वाईट वाटू नये म्हणून. आणि छान म्हणाली.”

झेर्फे तिच्याकडे बघतच राहिली. “फंताये? छान म्हणाली? अगं, माझ्या लग्नातल्या जेवणाला ती छान म्हणाली नव्हती!”

ती हसली आणि हसता हसता तिचा पदर डोळ्यांना गेला. वुबालेमला मात्र हसू आले नाही. “ती सांगत होती गं,” ती म्हणाली. “रोज कोंबडीला सांगत होती. मी ऐकत होते.” बायकांनी दुसऱ्या जेबेनेतली कॉफी तिच्यापुढे धरली. ती तिने घेतली नाही. आपला कप तिने शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

पुढचा महिनाभर वुबालेम माझ्यात चोथा उकळत होती. साबण निघून गेला आणि मी पुन्हा काळी झाले. आता आळीतल्या बायका येऊ लागल्या. सगळ्याजणी म्हणतात, “वा! वुबालेम, तुझ्यासारखी कॉफी बोंगात होत नाही.” आणि वुबालेम प्रत्येकीला विचारते, “खरं सांग.” त्या म्हणतात, “खरंच सांगतोय.” मग ती पुढचा कप ओतते.

मित्रांनो, मातीच्या भांड्याला साबण लावू नका. तापलेल्या मातीवर गार पाणी ओतू नका. धुतलेले भांडे झाकून ठेवू नका, आत बुरशी धरते. एवढे पाळलेत की भांडे तुमच्या पुढच्या पिढीलाही पुरेल. माणसांचे इतके सोपे नसते. रोज नावे ठेवणारे माणूस एखाद्या दिवशी गोड बोलले आणि लवकर उठले, तर रुसून बसू नका. त्याच दिवशी त्याच्या दारात जा आणि विचारा, “काय बिघडलं होतं?” उत्तर बहुधा शिवीनेच सुरू होईल. ते पूर्ण ऐकून घ्या.