बाबांच्या एकसष्टीचा फ्लेक्स

व्हिज्युअल कम्युनिकेशन शिकलेय म्हटलं की आमच्या वाशिमकडचे लोक विचारतात, म्हणजे पेंटर का? हो बाबा, पेंटर! पुण्यात वाघोलीच्या कॉलेजात एकच गोष्ट घोटून घेतली: कमी दाखवा, जागा मोकळी सोडा. आता खराडीत मोबाईल ॲपची बटणं काढते. दिवसभर माणसांत बसते आणि संध्याकाळी खोलीवर एकटीच जेवते. या शहरात माझं म्हणून कोणी नाही. तिकडे आई गेल्यापासून बाबाही एकटेच.

बाबांची एकसष्टी आली. मला जायचंच होतं. पण ॲप नेमकं त्याच आठवड्यात बाहेर पडणार. रजा मागितली, तर आमचे आमोदसर स्क्रीनवरून नजरही न हलवता म्हणाले, "पंचाहत्तरीही येईलच की." असा संताप आला! पण नोकरी नवी, परत बटणं काढायला बसले.

मग ठरवलं, आपण नाही तर आपलं काम तरी जाऊ दे. चौकातला तो लाल-पिवळा फ्लेक्स नको, मागे वाघ नि खाली शुभेच्छुकांची मुंडकी. बाबांचा हसरा फोटो काळा-पांढरा केला, भोवती सगळं पांढरं सोडलं, खाली बारीक अक्षरांत 'नागोराव, साठ वर्षं पूर्ण'. चुलतभाऊ उत्तरेश्वरला वाटलं, पुण्याची फॅशन असेल. त्याने छापून सकाळीच स्टँडसमोर लावला.

आमच्याकडे काळा-पांढरा फोटो गेलेल्या माणसाचाच लागतो. लहानपणापासून बघितलेलं, पण शिक्षण इतकं डोक्यात भिनलेलं की सुचलंच नाही.

दुपारपर्यंत घर भरलं. मथुराआत्या रडतच जीपमधून उतरली. अबोला धरलेले काका हार घेऊन आले. आणि बाबा ओट्यावर चहा पीत बसलेले! उत्तरेश्वरने फोनवर हे हसतहसत सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लगेच बाबांना फोन लावला, माफी मागितली. ते रागावले नव्हते. आपल्यामागे कोण कोण येईल ते जिवंतपणीच कळलं म्हणाले. काकांचा हार गळ्यात घालून घेतला, सगळ्यांना गोडाचं जेवायला बसवलं. मग म्हणाले,

"जो तो उंबऱ्यातच विचारे, पोरगी पोचली का पुण्याहून? काय सांगू, पोरी?"