मंत्र्यांची पाठ

माझं काम लोकांना सांगितलं की त्यांना ते काम वाटतच नाही. कोपनहेगनमधल्या एका फिल्म-संग्रहात मी नोकरी करते. पूर्वी थिएटरात सिनेमा सुरू व्हायच्या आधी जे वार्तापट दाखवायचे, त्यांचे हजारो डबे आमच्याकडे आहेत. संप, निवडणुका, जहाजांची जलावतरणं, पाहुण्या राष्ट्रप्रमुखांच्या मिरवणुका. मंत्र्यासंत्र्यांची नावं डब्यावर लिहिलेली असतात. त्यांच्या मागेपुढे उभ्या असलेल्यांची नावं कोणीच लिहून ठेवलेली नाहीत. म्हणून मी गावोगाव जाते, पडदा लावते आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारते, हे कोण, ते कोण. कॉफी मात्र फार प्यावी लागते.

ल्युंगसुंडला मी गेले ती २०१४च्या मार्चमध्ये. खाडीवरच्या पुलामुळे गावाला थोडंफार नाव आहे, आणि पुलाच्या उद्घाटनाचा वार्तापट आमच्याकडे आहे. बावन्न सालचा, एक मिनिट चाळीस सेकंदांचा. त्यात बांधकाममंत्री रिबीन कापतात. दिसते ती त्यांची पाठ, लांब काळा कोट आणि उंच टोपी. समोर पोरं झेंडे हलवतायत, आणि निवेदक भरदार आवाजात सांगतोय की मंत्रिमहोदयांच्या हस्ते दोन किनारे आज एक झाले.

त्या पाठीचा फोटो नगरपालिकेच्या जिन्यात आहे, पोस्टकार्डांवर आहे, आणि थोरकिल राश यांच्या पुस्तकातही आहे. थोरकिल म्हणजे गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि इतिहास मंडळाचे अध्यक्ष. ते सत्तर साली कोपनहेगनहून इथे बदलून आले आणि दहा वर्षांत गावापेक्षा गावाची माहिती जास्त सांगू लागले. पुस्तकात त्यांनी नुसत्या त्या पाठीवर अर्धं पान लिहिलंय. किंचित वाकलेले ते खांदे युद्धातून उठलेल्या देशाचा भार वाहतायत, असं. आता मंडळाने त्याच पाठीचा ब्राँझचा पुतळा पुलाच्या तोंडाशी उभारायचं ठरवलं होतं. मातीचा नमुना सभागृहात टेबलावर ओल्या फडक्याखाली ठेवलेला होता.

चाळीसेक माणसं जमली होती. मी फिल्म लावली. गर्दीतले दोन चेहरे लगेच ओळखले गेले, एक पाववाला आणि एक सुईण. मग दुसऱ्या रांगेतून एक बुटकी, रुंद बाई उठली. ती गुद्रुन बिसगार्ड, वय बहात्तर, आयुष्यभर गावातलं मटणाचं दुकान चालवलेली. पडद्यावरच्या कोटाकडे बोट करून ती म्हणाली, "ते मंत्री नाहीत. ते माझे बाबा आहेत."

लोक हसले, पण फारसे दचकले नाहीत. ही गोष्ट त्यांनी आधीही ऐकलेली असावी.

थोरकिलनी चष्मा काढून पुसला. "गुद्रुन, बस खाली. एगोनबद्दल मला आदर आहे, पण तो खाटीक होता."

"म्हणून तर सांगतेय," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "विबेके, जरा मागे घे ते. कात्रीकडे बघा सगळ्यांनी. कापायच्या आधी बाबा ती मांडीवर पुसतात. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. कुठला मंत्री असं करतो?"

मी फिल्म मागे घेतली. खरंच, काळ्या कोटातला माणूस कात्री मांडीवर पुसत होता, एकदा सुलटी, एकदा उलटी, अगदी सवयीने. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. थोरकिल म्हणाले, धूळ असेल. त्यावर गुद्रुन म्हणाली, मग रिबिनीच्या मधोमध ती गाठ कसली? थोरकिल म्हणाले, शोभेची. "शोभेची गाठ एवढी कुरूप असते होय?" असं म्हणून ती खाली बसली आणि आपल्या केकला लागली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. राय-पाव, लोणच्यातला हेरिंग मासा आणि अर्थात कॉफी, एवढं समोर मांडून तिने मला सगळं सांगितलं.

मंत्री आले होते, अगदी वेळेवर. बाराला रिबीन कापली, भाषण केलं आणि पलीकडच्या गावी जेवायला निघून गेले. वार्तापटाचा कॅमेरावाला उगवला दोन वाजता. त्याची गाडी वाटेत एका घोडागाडीला धडकली होती, आणि चाकाची तार न् तार वाकलेली. पुलावर माणूस नाही, रिबिनीचे दोन तुकडे वाऱ्यावर. बिचारा कठड्यावर बसून रडायच्या बेताला आला. तेव्हाचे ग्रामसभेचे अध्यक्ष त्याच्याहून हवालदिल झाले. उभ्या देशाच्या थिएटरांत आपला पूल दिसणार म्हणून त्यांनी थेट बहिणीच्या सासरपर्यंत पत्रं धाडली होती. शेवटी त्यांनीच तोड काढली. रिबिनीला गाठ मारली, शाळेतून पोरं परत आणवली, पाद्रीबुवांचा कोट मागवला, आणि मंत्र्यांच्या आकाराचा माणूस कोण म्हणून बघायला लागले. तेवढ्या रुंदीचा माणूस गावात एकच होता. एगोनला बजावलं, तोंड फिरवायचं नाही. गावाला बजावलं, तोंड उघडायचं नाही.

"आणि उघडलं नाही?" मी विचारलं.

"बाबांनी शब्द दिला होता. ते होते तोवर आम्हीही गप्प. महिन्याने आम्ही शहरात जाऊन थिएटरात पाहिलं ते. लोकांनी मंत्र्यांसाठी टाळ्या वाजवल्या तर बाबा खुर्चीतच अर्धे उठले. आईने चिमटा काढून खाली बसवलं." ती हसली. "बाबा गेले, मग मी सांगायला लागले. पण तोवर तेव्हाची मोठी माणसं गेली होती, पोरं गावाबाहेर पांगली होती आणि थोरकिलचं पुस्तक आलं होतं. छापलेल्यापुढे माझं कोण ऐकतंय?"

तिने सांगितलं की वडिलांना फोटो काढून घ्यायची भारी अढी होती. लग्नातला एक सोडला तर घरात त्यांचं चित्रच नाही. हलणारे, चालणारे बाबा जगात एवढेच, तेही पाठमोरे आणि दुसऱ्याच्या नावाने. "पुतळा मंत्र्यांच्या नावाने करा नाहीतर पोपच्या," ती म्हणाली. "मला फक्त ते एकदा वळलेले पाहायचे होते."

हे ऐकल्यावर मी स्वस्थ कशी बसणार? वार्तापटवाले दाखवायच्या फिल्ममधून कापलेले तुकडे टाकून देत नसत. पण ते जोडून भलत्याच डब्यांत कोंबून ठेवत. तीन आठवडे मी दुपारी जेवण सोडून डबे उघडत होते. पाणबुड्या पाहिल्या, गाईंचं प्रदर्शन पाहिलं, एका पंतप्रधानांना सलग चार वेळा शिंकताना पाहिलं. शेवटी दुग्धसंघाच्या वार्षिक सभेच्या डब्यात मला पूल सापडला. अकरा सेकंद.

फोन केला तेव्हा गुद्रुनने एकच अट घातली, थोरकिललाही बोलवायचं. मला वाटलं, त्यांची जिरवायचा बेत असेल. ती म्हणाली, तसं नाही, तो खरा माणूस आहे, त्याला आधी कळायला हवं.

थोरकिल आले ते टाय लावून. तिच्या स्वयंपाकघरात टेबलावर मी लॅपटॉप ठेवला. पडद्यावर तीच पाठ, कापलेली रिबीन, वर गेलेले झेंडे. कॅमेरावाल्याने बहुधा झालं म्हणून खूण केली असावी. कारण पाठ सैल पडली, टोपी मागे सरकली, आणि माणूस वळला.

गोल, लालबुंद, मिश्यांचा चेहरा. मंत्र्यांना मिशी नव्हती हे थोरकिलना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. एगोन आधी कॅमेऱ्याकडे पाहून हसला, मग खाली पोरांकडे बघत गेला, आणि एका जागी थबकला. हसू मावळलं. बोट वर करून तो काहीतरी म्हणाला. फिल्म मुकी होती, आणि तिथेच ती तुटली.

"परत," गुद्रुन म्हणाली. मी परत लावली. तिसऱ्यांदा तिने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडतेय. रडत होतीच, पण त्याहून जास्त हसत होती.

"काय म्हणतोय तो?" थोरकिलनी हळूच विचारलं.

"मला म्हणतायत," ती म्हणाली. "'गुद्रुन, दुकानात कोण आहे?'"

दहा वर्षांच्या गुद्रुनला त्या दुपारी दुकान सांभाळायला बसवलं होतं. बाबा मंत्री होणार म्हटल्यावर तिला कुठला धीर. दार नुसतं लोटून ती पळत सुटली आणि पोरांत जाऊन उभी राहिली. परत गेली तेव्हा शेजारच्यांचा कुत्रा आडवा पडून ढेकर देत होता, आणि खिडकीत टांगलेली सॉसेजची माळ नाहीशी झाली होती. बाबांनी तेव्हा काय केलं, असं मी विचारलं. म्हणाली, काही नाही, मंत्र्यांचा रुबाब अजून उतरला नव्हता. कोट न काढताच त्यांनी कुत्र्याला हद्दपार केलं आणि तिला माफी दिली.

थोरकिल बराच वेळ कॉफी ढवळत राहिले, साखर न घालताच. मग म्हणाले, "ते खांदे. मी लिहिलं होतं की भार वाहून वाकलेत."

"वाहिलाच की भार," गुद्रुन म्हणाली. "तीस वर्षं रोज सकाळी अर्धा डुक्कर खांद्यावर."

हे ऐकून थोरकिल प्रथमच हसले. कबूल करायला पाहिजे, माणूस मोठा निघाला. पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रात आपल्या नावानिशी लिहिलं की अर्ध्या पानाबद्दल आपण चुकलो, मात्र पाठ चांगली आहे याबद्दल चुकलो नाही. नगरपालिकेत वाद झाला. दोघा-तिघांचं म्हणणं, खाटकाचा पुतळा कशाला. शिल्पकाराने कळवलं की पाठ ती पाठ, आपण माती पुन्हा कालवणार नाही. सात विरुद्ध दोन मतांनी पुतळा मंजूर झाला, एगोन बिसगार्डच्या नावाने.

सप्टेंबरात मी अनावरणाला गेले. थोरकिल मला पुतळ्यामागे घेऊन गेले, आणि शोध लावल्यासारखं दाखवू लागले. फिल्म एकेक चौकट थांबवून पाहताना त्यांना दिसलं होतं की पाद्रीबुवांचा कोट एगोनला आखूड होता आणि काखेत उसवला होता. त्यांनी हट्टाने ती उसवलेली शिवण पुतळ्यात करवून घेतली. आता पुलावरून जाणारी मंडळी त्या भोकात बोट घालून बघतात, आणि तेवढाच ब्राँझ पिवळाधमक झालाय. गुद्रुनला ते आवडत नाही. तिचं म्हणणं, आईने तो कोट त्याच संध्याकाळी शिवून परत केला होता, आणि लोकांना उगाच वाटेल की बिसगार्डांच्या घरात सुईदोरा नव्हता. यावरून ती दोघं अजून भांडतात, बहुतेक गुरुवारी, तिच्याच स्वयंपाकघरात.