उरलेला नारळ

नसीमबाईंनी पोत्यात हात घालून आणखी एक नारळ काढला, शेंडी सारखी केली आणि टेबलावरच्या रांगेत शेवटी ठेवला.

"बाई, एक जास्तीचा झाला की," शिपाई मच्छिंद्र म्हणाला.

"असू दे. आभाराला कमी पडायला नको."

या शाळेत भाषणं पुरुषांची आणि आभार बाईंचे, अशी वाटणी पहिल्यापासूनची. आभार म्हणजे लोक चपला शोधत असताना माईकसमोर उभं राहायचं. आज नसीमबाईंच्या निवृत्तीचा सत्कार, त्यात जिल्ह्याचा पुरस्कार. तरी आभार त्यांनीच मानायचे, असं संस्थेचे अध्यक्ष दादाभाऊ यांनी ठरवून टाकलं होतं. बाई लगेच हो म्हणाल्या. दादाभाऊंनी खरं तर तेव्हाच सावध व्हायचं.

दादाभाऊ भरभरून बोलले. सातवीनंतर घरी बसवलेल्या पोरींसाठी आपणच गोडाऊन मोकळं करून दिलं, आपणच बाईंना बळ दिलं, वगैरे. त्या पोरी पुढच्याच रांगेत होत्या. मेंढरांमागून वर्गात आलेली चिमाबाई आता सरपंच, आशा नर्स, अर्शिया वकील. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईंनी वाजवल्या, चांगल्या जोरात.

गोडाऊन बाईंनीच झाडून वर्ग मांडला होता. दादाभाऊंना तिथं कांदा ठेवायचा होता, म्हणून त्यांनी कुलूप ठोकलं. सकाळी पोरी आल्या तर कुलूप उघडं लोंबतंय. दादाभाऊंनी नवं आणलं, तेही लोंबलं. मग एक दिवस भर वर्गात त्यांनी बाईंची पर्स जमिनीवर उपडी केली. कंगवा, खडू, लिमलेटच्या गोळ्या. किल्ली नव्हती. तरी 'चोरटी बाई' हे नाव गावभर चिकटलं ते चिकटलंच. जुन्नरला बाईंच्या नवऱ्याचं, महंमद हनीफचं, भांड्यांचं दुकान. तिथंही पिंपळवंडीपर्यंतची गिऱ्हाइकं हसत विचारायची, भाऊ, किल्ल्याबी बनवून देता का?

कुलूप उघडायच्या त्या दादाभाऊंच्या बायको, अंबाबाई. पहाटे शेणाची पाटी घेऊन उकिरड्याकडं जाताना काम उरकायच्या. दादाभाऊंनी कुलपं बदलली, पण किल्ली टांगायची खुंटी कधी बदलली नाही. आपली बायको त्या खुंटीकडं बघत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. माझं नाव काढू नको, एवढंच अंबाबाईंनी मागितलं होतं. नसीमबाईंनी चोरटेपण अंगावर वागवलं, नाव काढलं नाही.

आजही काढायचं नव्हतं. नुसता दादाभाऊंच्या डोक्यात किडा सोडायचा होता. बसू दे मरेस्तोवर शोधत.

"बाई, आटपा," दादाभाऊ मागून म्हणाले. "लापशी गार व्हतीय."

बाईंनी माईक जवळ ओढला. मांडववाला, आचारी, चांगदेव गुरुजी, एकेकाला बोलावून नारळ दिला. मग दादाभाऊंची पाळी. कुलूप घातल्याबद्दल त्यांचे आभार मानले. कुलूप बघूनच पोरींना कळलं, की आत काहीतरी मोलाचं आहे. पर्स उपडी केल्याबद्दलही मानले. त्यातल्या गोळ्या त्या दिवशी सगळ्या वर्गाला पुरल्या. मग चिमाबाई फिसकन हसली आणि पाठोपाठ सगळेच. दादाभाऊंनाही हसावं लागलं, वर नारळ दोन्ही हातांनी घ्यावा लागला.

"आता एक उरला," बाई म्हणाल्या. "रोज कुलूप उघडणाऱ्या माणसाचा. ते माणूस इथंच बसलंय. नाव मी घेणार नाही. सवडीनं न्यावा."

दादाभाऊंची नजर मांडवभर पळायला लागली. मच्छिंद्र, गडी, चांगदेव गुरुजी. बाईंना आतून गुदगुल्या झाल्या. माईक बंद करायला त्या वाकल्या.

बायकांच्या बाजूला खुर्ची सरकली. अंबाबाईंनी पदर खोचला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि नवऱ्याच्या समोरून जाऊन टेबलाशी उभ्या राहिल्या. बाईंचा हात नारळावरच राहिला.

"काकी, सवडीनं म्हणलं होतं मी."

"लई वर्सं झाली सवड बघत. दे इकडं."

अंबाबाईंनी नारळ कानाशी हलवून पाणी ऐकलं. मग वळल्या आणि तो नवऱ्याच्या मांडीवर, त्याच्या नारळाशेजारी ठेवला.

"धरा जरा. मी वाढायला जाते."

मांडवात टाळ्या सुरू झाल्या. दादाभाऊंचे दोन्ही हात गुंतलेले होते.