पियाला भरायचा किती

दुधाच्या कारखान्यात आयसालकीनला घेतलं ते एका कामासाठी. पाच विभागांचे जुनाट संगणक काढायचे आणि एका दणकट सर्व्हरच्या पोटात त्यांच्या जागी पाच व्हर्च्युअल मशीनं उभी करायची. सोमवारी हिशेब विभागाच्या बुरुल एजेंची, म्हणजे बुरुलताईंची, तक्रार नसेल तर नोकरी पक्की, नाहीतर काम राजधानी बिश्केकच्या कंपनीला, असं संचालकांनी रोखठोक सांगितलं होतं. बिश्केकमधली भाड्याची खोली सोडून ती काराकोलला आईजवळ आली होती. तिला परत जायचं नव्हतं.

सर्व्हर बसवणं सोपं गेलं, अडलं ते माणसांपाशी. बुरुल एजे जर्दाळूचा मुरंबा घेऊन आल्या आणि आमच्या मशीनला मेमरी जरा सढळ हातानं दे म्हणाल्या. दूध संकलनाच्या मुकाम्बेत बाइकेंनी, म्हणजे मुकाम्बेतदादांनी, तर तिच्या वडिलांची ओळख काढली. मग बाकीचेही आले. मोठ्यांना नाही म्हणायची सवय इथे असते कुणाला? तिनं सगळ्यांच्या पदरात भरभरून घातलं आणि खुद्द सर्व्हरला चालायला काही ठेवलंच नाही. भागेल कसंतरी, अशी तिनं मनाची समजूत घातली.

शुक्रवारच्या चाचणीत काही भागलं नाही. पाचही मशीनं एकदम गोठली. बुरुल एजेंचा हिशेब अर्ध्यात लटकला आणि बिश्केकला नेमकं काय शिकवतात, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. आयसालकीन मान खाली घालून घरी आली.

घरी शेजारीण आली होती. आई तिला चहा देत होती, पियाल्यात दोन घोट, ते संपले की आणखी दोन. काठोकाठ भरलेला पियाला हातात दिला म्हणजे ‘प्या आणि निघा’, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. आयसालकीन बघत राहिली आणि तिला स्वतःचंच हसू आलं.

शनिवारी तिनं आधी सर्व्हरचा वाटा बाजूला काढला. मग प्रत्येक मशीनला थोडी मेमरी दिली आणि लागेल तशी आपोआप आणखी मिळेल अशी सोय केली. आता हे एजेंना सांगणं आलं. सोमवारी सकाळी ती त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

“एजे, तुमची मेमरी निम्मी केलीय. लागली की वाढेल आपोआप.”

“निम्मी? मुरंबा चाटताना नाही सुचलं हे?”

“घरी आलेल्याला तुम्ही पियाला भरून देता का, एजे?”

“जीभ बरी चालते तुझी,” म्हणत त्यांनी मशीन चालू केलं.

दिवसभर सगळं निमूट चाललं. दुपारी संचालक एजेंकडे डोकावून गेले. त्या काय बोलल्या ते आयसालकीनला ऐकू आलं नाही, आणि विचारायचा धीर होईना.

चहाच्या वेळी समोवारपाशी बुरुल एजेच बसल्या होत्या. पियाला आयसालकीनच्या हाती आला, तेव्हा त्यात जेमतेम दोन घोट होते.

“संपला की दे इकडे,” एजे म्हणाल्या. “आणखी ओतते.”