दोनशे तेराचं पान

मावशींनी सरकारी छापखान्याच्या खिडकीतला आपला जेवणाचा डबा उचलला. डब्याखाली कागदांचा गठ्ठा होता आणि वरच्याच कागदावर आकडा होता दोनशे तेरा. अर्थसंकल्पाच्या तीनशे प्रती सकाळीच सभागृहात पोचल्या होत्या. त्यांच्यातली तीनशे पानं इथे डब्याखाली निवांत पडली होती. मावशींनी छापखान्यात उरलेली एक प्रत उघडली. दोनशे अकराचं पान दोनदा शिवलेलं होतं, दोनशे तेराचं नव्हतंच.

एकतीस वर्षं त्यांनी बांधणी केली, कधी एक पान इकडचं तिकडे झालं नाही. निवृत्तीला दोन महिने उरले असताना राहून राहून राहिलं ते नेमकं हेच. सरकारच्या डोक्यावर कर्ज किती, कोणाचं, कधी फेडायचं, ते सगळं या एका पानावर होतं. आणि आणखी कर्ज काढायला मंजुरी मिळायची होती दुपारी तीनला.

व्यवस्थापक साहेबांनी गठ्ठा पाहून दार लावून घेतलं.

"प्रती परत मागवल्या तर बोभाटा होईल, मावशी. तुमची पेन्शन अडकेल, माझी बढती. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"पण कोणीतरी विचारेलच की, साहेब."

"विचारलं तर बघू."

छापखान्याच्या भिंतीवर सभागृहातलं बोलणं ऐकवणारा एक जुना स्पीकर होता. मावशी त्याखाली सुई-दोरा घेऊन बसल्या. सभासद एकमेकांच्या गाड्यांवर बोलले, खुर्च्यांवर बोलले, कोण कोणाला काय म्हणालं यावर तर तासभर बोलले. एकाने "पान क्रमांक" म्हटलं तेव्हा मावशींनी सुई बोटात टोचून घेतली. त्याला नववं पान हवं होतं. त्यावर त्याचा फोटो उलटा आला होता म्हणे. मग कर्जाचा ठराव आला. होय म्हणणारे होय म्हणाले, नाही म्हणणारे ओरडले, आणि अकरा मिनिटांत सगळं आटोपलं.

"सुटलो," साहेब येऊन म्हणाले. "एकानेही विचारलं नाही. जा आता घरी, निवांत झोपा."

मावशींना आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एकतीस वर्षं आपण कोणासाठी कडा कापल्या, पानं मोजली, हेच त्यांना कळेना. आपल्याला कोणी पकडावं, असं त्यांना दिवसभर मनातून वाटत होतं, हे त्यांना आत्ता कुठे उमगलं.

त्यांनी एक कोरा कागद घेतला. दोनशे तेराचं पान सर्व प्रतींतून माझ्या हातून राहिलं आहे, तरी ते सभासदांना पोचवावं आणि माझी चौकशी व्हावी, असं लिहून खाली सही केली. ते पान अर्जाला टाचलं. पेन्शनचं काय व्हायचं ते होवो.

सभागृहाच्या कचेरीत अर्ज घेणारा कारकून चहा पीत होता. त्याने कागदाकडे न बघताच शिक्का मारला, पोच फाडून दिली आणि अर्ज मागच्या ढिगावर टाकला.

"रजेचा आहे ना?" त्याने विचारलं. "मिळेल, मिळेल."