मेट्रनबाईंनी पुसलेला कॉल

मित्रांनो, मी एक जुना स्मार्टफोन आहे. ‘स्मार्ट’ हे माझ्या नावात आहे. अंगात किती आहे, ते माझी हकिकत ऐकून तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण चालत नाही, म्हणून माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत वावरतात. डोळे उघडले तेव्हा मला वाटलं, आपण दवाखान्यात आहोत. पुढे माझं आयुष्य एका निवृत्त मेट्रनबाईंच्या हाताखाली जायचं होतं, त्यामुळे तो गैरसमज अगदीच वाया गेला नाही.

आधी मी त्यांच्या मुलाचा होतो. तेव्हाचे माझे लाड विचारू नका! काचेवर दुसरी काच, पाठीला मऊ कव्हर, झोपताना उशाशी जागा. मग बाजारात माझ्याहून पातळ आणि माझ्याहून महाग असा एक फोन आला आणि माझे दिवस फिरले. जुन्या फोनांचं आणि जुन्या स्वेटरांचं एकच होतं. ते आईकडे जातात.

“आई, हा अजून मस्त चालतो गं,” मुलगा म्हणाला.

इतका मस्त चालत असता तर त्याने तो दिला असता का, हे आईने विचारलं नाही. माझं मत तर कोणीच घेतलं नाही.

मेट्रनबाई म्हणजे शिस्त. त्यांच्या पलंगावरच्या चादरीला सुरकुती पडायची हिंमत होत नसे. घरात सगळे त्यांना पाठीमागे ‘मेट्रन’ म्हणत, आणि सूनबाई फारच कातावली तर तोंडावरही. त्यांच्या वॉर्डात एक फळा होता. कोणत्या खाटेवर कोण, कोणाला काय द्यायचं, सगळं त्यावर लिहिलेलं. पाळी संपली की राहिलेलं काम पुढच्या पाळीला तोंडी सांगायचं आणि फळा ओल्या फडक्याने पुसून टाकायचा. कोरा फळा म्हणजे कोणाचं काही राहिलं नाही. नोकरी सुटली, फळा सुटला, पण हाताची सवय कुठे सुटते? रोज संध्याकाळी भांडी आवरली, ओटा पुसला की मेट्रनबाई माझी कॉलची यादी पुसत. सगळी. एका दमात.

“आई, कशाला पुसता रोज? राहू द्या की,” सूनबाई एकदा म्हणाली.

“फोन जड होतो.”

“तेवढ्याने नाही हो होत जड.”

“तुझं कपाट उघडलं की कपडे अंगावर येतात. तू मला जड म्हणजे काय ते शिकवू नकोस.”

सूनबाईने विषय सोडला. मलाही तक्रार नव्हती. रोज सकाळी कोऱ्या मनाने उठायला मिळतं, असं भाग्य किती जणांचं असतं?

त्या शुक्रवारी दुपारी मी वाजलो. नंबर अनोळखी होता. मेट्रनबाई गॅसपाशी उभ्या होत्या.

“हं, कोण?”

“ताई, मी बोलतोय.”

मित्रांनो, मी आवाज पोचवतो, ओळखत नाही. पण ज्या गालाला मी टेकलेलो होतो तो गाल एकदम ताठ झाला, एवढं मला कळलं.

“ताई, सोमवारी मला...”

“थांब, दूध उतू जातंय. पाच मिनिटांत लावते फोन.”

आणि कॉल तोडून मला ओट्यावर ठेवण्यात आलं. दूध खरोखरच उतू जात होतं. पण गॅस बंद करायला फोन ठेवावा लागत नाही, आणि ज्या बाईने एका हाताने सलाईन लावत दुसऱ्या हाताने शिकाऊ डॉक्टरांना गप्प केलं होतं, तिला तर मुळीच नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलून बघत होत्या. “कसा आहेस” म्हणाल्या. मग मान हलवून “बरा आहेस ना” म्हणाल्या. तेही पसंत पडलं नाही. तेवढ्यात नळ दुरुस्त करणारा आला. त्याने सिंकखालचा पाइप काढला, चुकीचा वॉशर आणला, परत गेला, परत आला, आणि मेट्रनबाई त्याच्या डोक्यावर उभ्या राहून त्याला पाइप कसा बसवायचा ते सांगत राहिल्या. त्यात संध्याकाळ झाली. जेवणं झाली. भांडी आवरली, ओटा पुसला, आणि त्याच ओघात मीही पुसला गेलो.

मग त्या खुर्चीत टेकल्या. आणि दोन्ही हातांनी मला उचलून माझ्या कोऱ्या यादीकडे बघत राहिल्या.

“काय झालं आई?” मुलाने विचारलं.

“मामाचा फोन आला होता.”

मुलाच्या हातातला रिमोट तसाच राहिला. कारण मामाचा फोन ही त्या घरात होणारी गोष्टच नव्हती. हे प्रकरण माझ्या जन्माआधीचं; मी ते सूनबाईच्या तिच्या आईशी चालणाऱ्या फोनवरून जमवलेलं आहे. मेट्रनबाईंचे वडील आजारी पडले तेव्हा धाकटा भाऊ म्हणत होता, त्यांना घरीच राहू दे. मेट्रनबाईंनी त्यांना आपल्याच हॉस्पिटलात, आपल्याच वॉर्डात आणलं. उपचारांत कसलीही कसर ठेवली नाही. पण भेटायची वेळ संपली की भावालाही बाहेर काढत. तो बिचारा हात जोडून म्हणायचा, “ताई, आजच्या दिवस बसू दे.” त्यावर उत्तर ठरलेलं: “नियम सगळ्यांना सारखा.” वडील गेले तेव्हा भाऊ बाहेर बाकावर बसलेला होता. त्यानंतर तो एकच वाक्य बोलला. “तू मुलीसारखी वागली नाहीस, मेट्रनसारखी वागलीस.” मग त्याने शहर बदललं, नंबर बदलला.

“परत करेल तो फोन,” मुलगा म्हणाला.

“नाही करणार. ओळखत नाहीस तू त्याला. मी म्हटलं होतं करते म्हणून. आता तो वाट बघत बसला असेल.” मग हळूच म्हणाल्या, “सोमवारी काहीतरी आहे त्याचं. काय ते मी ऐकूनच घेतलं नाही.”

मुलाने बाह्या सरसावल्या. हल्लीची मुलं कुठल्याही संकटात आधी एक ॲप उतरवून घेतात. त्याने उतरवलेल्या ॲपने आधी माझे फोटो, माझा माइक आणि मी कुठे आहे ते बघायची परवानगी मागितली. मग पडद्यावर एक चक्र फिरवलं. मग आनंदाने जाहीर केलं की पुसलेले सगळे कॉल सापडले आहेत, फक्त शेवटचे आकडे पैसे भरल्यावर दिसतील. सूनबाईने डोकावून पाहिलं.

“अहो, यात तर परवाचाही कॉल दाखवतोय. परवा दिवसभर फोन बंद होता.”

मुलाने ते काढून दुसरं घातलं. मग तिसरं. तुम्हाला एक गुपित सांगतो. यादीतून एखादी ओळ पुसली की ती लगेच नाहीशी होत नाही. तिच्या जागेवर ‘रिकामी’ एवढी खूण होते, आणि पुढे येणारा कोणीही तिथे ऐसपैस बसतो. शोधायला आणलेली ॲपं नेमकी तिथेच येऊन बसत होती. मी ओरडून सांगितलं असतं. पण मला सांगायला येतं ते फक्त ‘बॅटरी कमी आहे’.

शनिवारी मोबाईल दुरुस्तीचं दुकान झालं. दुकानदाराने मला उलटासुलटा केला आणि हात उडवले.

“काकू, हे हॉटेलातल्या पाटीसारखं आहे. पुसली की कालचं जेवण काय होतं ते पाटीला माहीत नसतं. बॅकअप असेल तर बोला.”

“आहे ना!” मुलगा म्हणाला. “मीच चालू करून दिलाय.”

बॅकअप होता. म्हणजे कधीतरी होता. मग जागा भरली आणि तो गुपचूप थांबला. जागा भरली होती गुलाबांनी. मेट्रनबाईंच्या निवृत्त मैत्रिणींचा एक गट होता, आणि त्यातली प्रत्येकजण रोज सकाळी सुविचार लिहिलेला एक गुलाब पाठवत असे. इतकी फुलं त्यांना निवृत्तीच्या दिवशीही मिळाली नव्हती.

शेवटचा उपाय म्हणून मुलाने फोन कंपनीला फोन लावला आणि मला आईच्या हातात दिलं. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

“मॅडम, आपण केलेल्या कॉलची माहिती मिळेल. आपल्याला आलेल्या कॉलची देता येत नाही.”

“अगं, माझा भाऊ आहे तो. सख्खा.”

“समजू शकते मॅडम.”

“एकच नंबर हवाय. कालचा, दुपारचा. तुला समोर दिसत असेल बघ.”

“सॉरी मॅडम. नियम सगळ्यांना सारखा असतो.”

मेट्रनबाईंनी मला कानावरून खाली घेतलं. पलीकडची मुलगी “हॅलो, मॅडम? हॅलो?” करत राहिली. मुलाने पुढे होऊन मला घ्यायला हात केला, तेव्हा त्यांनी मान हलवली.

“दुसरं एखादं ॲप बघू का?” मुलाने विचारलं.

“काही नको. मीच बघते आता.”

रविवारी सकाळी त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि आपल्या आत्याला फोन लावला. या आत्याने त्या वेळी भावाची बाजू घेतली होती. हा नंबर पहिल्या दिवसापासून माझ्याकडे होता, पण मी तो कधी लावलेला नव्हता.

“अगंबाई! सूर्य कुठून उगवला आज?”

“आत्या, कशी आहेस?”

“मी आहे अजून. खात्री करून घ्यायला फोन केलास का?”

“आत्या, धाकट्याचा नंबर हवाय.”

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

“आहे की. माझ्याकडे आहे, माझ्या सुनेकडे आहे. अगं, माझ्या शेजारणीकडेसुद्धा आहे. बदलला तेव्हा सगळ्यांना कळवला त्याने.”

“मला कोणी दिला नाही.”

“तू मागितलास कधी?”

मेट्रनबाईंनी नंबर घेतला. मुलाची तीन ॲपं, दुकानदार आणि फोन कंपनी मिळून जे शोधत होते, ते आत्याच्या शेजारणीकडे होतं.

त्यांनी लगेच तो लावला. एकच घंटी गेली असेल.

“बोल ताई.”

“सोमवारी काय आहे?”

“दूध झालं का तापवून?”

“चावटपणा नको. काय आहे सोमवारी?”

“ऑपरेशन आहे. पित्ताशयाचं. साधं आहे म्हणतात.”

“साधंच असतं ते. कुठे करतोयस?”

“तुझ्याच हॉस्पिटलात. दुसरीकडे तारीखच मिळेना.” मग थांबून म्हणाला, “कालच दाखल झालो. वॉर्ड तोच आहे ताई.”

मेट्रनबाईंनी मला कानावर घट्ट दाबलं.

“भीती वाटतेय का तुला?”

“मी कुठे म्हटलं तसं?”

“मग फोन कशाला केलास?”

“फॉर्मवर नातेवाइकाची सही लागते.”

“तुझी बायको कुठे गेली?”

“आहे की. तिने केली सही.”

यापुढे बराच वेळ कोणीच काही बोललं नाही, आणि मी ती शांतता इकडून तिकडे, तिकडून इकडे पोचवत राहिलो. आयुष्यात इतकं जड काही मी वाहिलेलं नाही.

“येते मी,” मेट्रनबाई म्हणाल्या.

सोमवारी दुपारी ऑपरेशन झालं. साधंच झालं. भावाला वॉर्डात आणलं तेव्हा तो गुंगीत होता. त्याची बायको बाहेर डबा आणायला गेली होती. मेट्रनबाई शेजारच्या स्टुलावर बसल्या, मग उठून खाटेच्या कडेवर बसल्या आणि त्याचा हात हातात घेतला. नाडी मोजली नाही. नुसता धरून ठेवला. भेटायची वेळ संपली. एक तरुण परिचारिका आली.

“मावशी, वेळ झाली. आणि खाटेवर नाही बसायचं हं, नियम आहे.”

“माहीत आहे मला,” मेट्रनबाई म्हणाल्या. “मीच केलेला आहे.”

आणि बसून राहिल्या. ती मुलगी गोंधळून उभी राहिली, मग बहुधा त्यांच्या चेहऱ्याकडे बघून दुसऱ्या खाटेकडे वळली. तेवढ्यात पर्समध्ये मी थरथरलो. कोणीतरी गुलाब पाठवला होता. त्या वॉर्डातला एकच नियम मेट्रनबाईंनी त्या दिवशी पाळला: त्यांनी मला काढून बंद केलं.

तेव्हा मित्रांनो, आमची काळजी घ्या. आम्हाला पाण्यापासून जपा, बॅकअप चालू आहे का ते अधूनमधून बघा, आणि ॲपला परवानगी देण्याआधी ते काय मागतंय ते तरी वाचा. आमच्याकडून पुसलं गेलेलं आम्हाला बहुतेक वेळा परत देता येत नाही. ते माणसांना मागा. आणि कोणाच्या उशाशी बसायची वेळ आली, तर आम्हाला खुशाल बंद करा. किती वेळ बंद ठेवलं, याचा हिशेब आम्ही मागत नाही.