भूमिका थोरलीची
"अगं, अशी टक लावून काय बघतेस? मी काय पिंजऱ्यातली माकडीण आहे?" थोरली शर्टाच्या कॉलरवरची नजर न हलवता पुटपुटली. "एखाद्या दिवशी हात भाजेल माझा तुझ्यापायी."

धाकटी वही मांडीवर घेऊन स्टुलावर बसली होती. चार दिवस तिने थोरलीच्या इस्त्रीच्या दुकानात ठाण मांडलं होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. लांब टेबल, त्यावर जुन्या चादरींची जाड घडी, खुंट्यांवर दवाखान्यातल्या डॉक्टरांचे पांढरे कोट, आणि पडद्यापलीकडे आईची खाट. आईचे पाय गेले होते, तोंड मात्र शाबूत होतं.

वीस-बावीस वर्षं धाकटीने नाटकांतून दारं उघडली होती. कधी शेजारीण, कधी नर्स, कधी चहाचा ट्रे घेऊन येणारी मावशी. आता कुठे मोठी भूमिका मिळाली होती, घर सांभाळायला मागे राहिलेल्या थोरल्या बहिणीची. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, म्हणून ती थेट इथे आली. भूमिका हाती आली की वही करायची, ही तिची जुनी सवय. माणूस उभं कसं राहतं, दुखतं कुठे, दमलं की काय करतं, सगळं टिपून घ्यायचं. अकरा पानं भरली होती. 'ओलं बोट इस्त्रीला टेकवून बघते. आधी कॉलर, मग बाह्या. भार उजव्या पायावर. दमलीस का विचारलं, की टेबल पुसायला घेते.'

कालच्या तालमीत दिग्दर्शक म्हणाला होता, "इस्त्री झकास करतेस, दुकान टाक. पण ती बाई कुठाय? तिला काय हवंय, ते तुझं तुलाच माहीत नाही. सोमवारपर्यंत सापडली तर ठीक, नाहीतर मी दुसरीला बोलावतो."

वहीत 'काय हवंय' यापुढे धाकटीने लिहिलं होतं, 'काही नाही. समाधानी आहे.'

"अडलंय कुठे तुझं?" थोरलीने विचारलं.

"एका वाक्यावर. भाऊ पुष्कळ वर्षांनी परत येतो आणि म्हणतो, बरं झालं तू घरी राहिलीस, तुला बाहेरचं मानवलंच नसतं. त्यावर ती एवढंच म्हणते, जेवून घे."

"म्हणून दाखव."

धाकटीने डोळे भरून आणले, आवंढा गिळला, उसासा टाकला आणि म्हणाली, "जेवून घे."

थोरली हसत सुटली. "पोटात कळ आली का गं तुझ्या? भरल्या ताटावरून उठेल तो."

"मग तू करून दाखव."

"मी कशाला? मला कामं आहेत." असं म्हणत थोरलीने इस्त्री उभी ठेवलीसुद्धा. "बरं, तू भाऊ हो. चल, बोल."

धाकटी बोलली. थोरलीने वर पाहिलंच नाही. झालेल्या बाहीवरून तिने पुन्हा एकदा इस्त्री फिरवली, शर्टाची घडी घातली, वरून हात फिरवला. मग मान वर करून छान हसली, पाहुण्याला म्हणावं तसं म्हणाली, "जेवून घे."

त्या आग्रहात कुठेतरी खाडकन दार लागलं होतं.

"कोण आलंय गं?" पडद्याआडून आई ओरडली. "कोणाला जेवायला बसवतेस?"

"कोणी नाही, आई. नाटक आहे."

त्या घरात नाटकाचं नाव चिमट्याने उचलावं लागे. नाट्यशाळेच्या यादीत एकेकाळी या घरातलं एकच नाव लागलं होतं, आणि ते थोरलीचं होतं. त्याच महिन्यात वडिलांनी अंथरूण धरलं. थोरलीने आपल्या हाताने पत्र लिहिलं, माझ्याऐवजी बहिणीला घ्याल का, आणि धाकटीची बॅग भरून दिली. पुढे घरात म्हणायची रीत पडली, की थोरलीला बाहेर करमत नाही. सगळ्यांत जास्त वेळा ते धाकटीच म्हणाली होती.

आता खरं तर तिचं काम झालं होतं. तो सूर, ते हसू उचलायचं आणि सोमवारी जसंच्या तसं करून दाखवायचं. पोपटही करतो तेवढं. तिने वही मिटली.

"ताई, काय हवंय तिला?"

"कोणाला?"

"त्या बाईला."

"ज्याने नाटक लिहिलं त्याला विचार ना. मी इस्त्रीवाली."

"तुला माहितीये."

थोरलीने फडकं घेतलं आणि टेबल पुसायला लागली. धाकटीने हात पुढे करून फडकं धरून ठेवलं. दोघी लहान पोरींसारख्या दोन टोकं धरून उभ्या राहिल्या.

"सांगून टाक की तिला," पडद्याआडून आई हळूच म्हणाली. "माझ्यासाठी नको थांबूस."

थोरलीने फडकं सोडलं.

"मला जायचं होतं," ती म्हणाली. "तुझी बॅग भरताना मी मुळीच खुशीत नव्हते. मला जायचं होतं गं, आणि मी तुझ्यापेक्षा चांगली होते."